नवाचा ताळा

४ जानेवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. या पत्राबरोबर एक जाडजूड वही येते आहे. घाबरू नकोस, कविता नाहीत.

बेबीने माझ्याशी भांडण काढलं आहे. मुलगी माझी, पण वळण सगळं तुझं. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. म्हणते, "अण्णा, आता दवाखाना पुरे." का, तर मागच्या महिन्यात मी सुताराचा फोन नंबर तिला चुकीचा उतरवून दिला, आणि ती कुणा भलत्याच माणसाशी दाराच्या बिजागरीवरून वाद घालत बसली. तेवढ्यावरून बाईसाहेबांचं मत झालं की अडुसष्टाव्या वर्षी माणसाने औषधं घ्यावीत, देऊ नयेत.

एक्केचाळीस वर्षं मी त्या खिडकीत उभा आहे, ताई. मोठे डॉक्टर गेले, धाकटे आले, भिंतींचा रंग चार वेळा बदलला, खिडकीत मी तोच. बाटली धुवायची, मापाने औषध भरायचं, लेबलावर दिवसातून किती वेळा आणि किती ते लिहायचं, चिकटवायचं, द्यायचं. अर्ध्या पेशंटांना डॉक्टरांचं नाव माहीत नसतं, माझं असतं. ते सोडून घरी बसून मी काय करू? बेबीच्या कुंड्या मोजू?

मी म्हटलं, आत्याला विचारू. तिची एकतीस वर्षं शाळेत पोरांच्या गणितातल्या चुका काढण्यात गेली, भावाच्या काढायला ती मागेपुढे बघणार नाही. बेबी तयार झाली. म्हणजे बघ, बापावर नाही, आत्यावर विश्वास. धाकटे डॉक्टरही म्हणाले, "ताईंनी सांगितलं तर प्रश्नच मिटला."

तर ही वही. बेबीची आई गेली त्या वर्षी मी सकाळचा भिंतीकडे बघत बसायचो, तेव्हा तूच ते सतरा एक माझ्या अंगावर फेकलेस: ११,११,११,११,११,११,११,१११. परार्धाच्या एक पायरी खाली. "याचे अवयव पाड, नाहीतर ही मूळ संख्या आहे असं दाखव. यंत्राला विचारायचं नाही." वर मेहेरबानी म्हणून एक वाट सांगितलीस, की जी मूळ संख्या या सतरा एकांना निःशेष भागेल तिला चौतीसने भागलं तर बाकी एकच उरणार; बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर दोन-तीन भागाकार. अकरा वर्षं झाली. बावीस लाख ओलांडले आहेत. अजून एकही लागू पडली नाही. मूळ आहे असं सिद्ध करायचं तर दहा कोटींच्या पुढे जावं लागेल, म्हणजे या वेगाने आणखी चारेकशे वर्षं. बेबीला सांगितलं, तोवर मी कुठे जात नाही.

गेल्या आठ महिन्यांचे सहाशे बारा भागाकार या वहीत आहेत. एक जरी चुकलेला सापडला तरी मी पांढरा कोट खुंटीला टांगीन. शब्द देतो.

तुझा,
टिल्लू


१९ जानेवारी

टिल्लू,

वही पोचली. पार्सलाला सुतळी इतकी गुंडाळली होतीस की कात्री शोधण्यात अर्धा तास गेला.

तुला वाटलं असेल मी चाळून परत पाठवीन. सहाशे बाराही तपासले. पाच दिवस लागले. जेवणाच्या टेबलावर वही, शेजारी कोरे कागद, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. शेजारीण दार वाजवून वाजवून परत गेली म्हणे. मला काय कळणार?

बाबांनी शिकवला तसाच नवाचा ताळा लावला. भाजकाच्या आकड्यांची बेरीज, भागाकाराच्या आकड्यांची बेरीज, दोन्हींतले नऊ टाकून गुणायचं, बाकीच्या आकड्यांची बेरीज मिळवायची, पुन्हा नऊ टाकायचे. सतरा एकांची बेरीज सतरा, नऊ टाकले की आठ. सहाशे बारा वेळा मी आठाची वाट पाहिली आणि सहाशे बारा वेळा आठ आले.

एकही चूक नाही. हे वाक्य मी आजवर तीन-चार विद्यार्थ्यांनाच लिहून दिलं असेल, त्यातला एकही आपल्या घरातला नव्हता.

तरी दोन गोष्टी सांगते. तुझा सात एकासारखा दिसतो, ते सुधार. आणि पूर्वीच्या वह्यांमध्ये खाडाखोड असायची, या वहीत जवळपास नाही. म्हातारपणी माणूस व्यवस्थित होतो हे मी ऐकून होते, आता पाहिलं.

बेबीला आजच वेगळं पत्र टाकलं आहे. तिला स्वच्छ लिहिलं, की ज्याचा हात सतरा आकडी भागाकारात आठ महिने घसरला नाही तो लेबलावर दोन आकडे लिहिताना घसरणार नाही. फोन नंबर कुणाचाही चुकतो. तिने ते पत्र हवं तर डॉक्टरांना दाखवावं.

तू कामावर राहा. घरी बसलास तर त्या मुलीचं डोकं खाशील. वही परत पाठवत नाही, माझ्याकडे असू दे. नवी सुरू कर.

ताई


३० जानेवारी

ती. ताई,

सा. न. तुझं पत्र बेबीने मोठ्याने वाचलं. "एकही चूक नाही" या ठिकाणी थांबली, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुढे वाचलं. संध्याकाळी ती ते आणि तिला आलेलं, दोन्ही घेऊन दवाखान्यात आली. धाकट्या डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, "ताईंचा दाखला. आता फ्रेम करून लावा." मी म्हटलं, लावा, पण तो सातचा मजकूर झाकून.

खरं सांगू? खूप बरं वाटलं. इतके दिवस बेबी माझ्या मागे उभी राहून बघायची. वाण्याची यादी लिहिली तरी मागे. परवापासून ते बंद झालं. आता मी लिहीत असलो की ती मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाते. मोठ्या मनाची आहे पोरगी.

दवाखान्यात सध्या खोकल्याची गर्दी. कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या काकू आहेत ना, ज्यांनी हिच्या आजारपणात सहा महिने आपल्याकडे पेज पाठवली, त्यांनाही आता हृदयाचं औषध सुरू झालं आहे. खिडकीशी येतात आणि मलाच विचारतात, "काय हो कंपाउंडर, तुमचं हृदय कसं चालतं?" मी म्हणतो, चालतं, फक्त जिना चढत नाही.

नवी वही सुरू केली. आज तीन झाले.

तुझा,
टिल्लू


१२ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र तेरा दिवसांनी मिळालं. पाकिटावर माझ्या घराचा नंबर ७४ च्या जागी ४७ घातला होतास. ४७ मध्ये वकिलाचं ऑफिस आहे, त्यांनी ते आठवडाभर टेबलावर ठेवलं. पोस्टमन ओळखीचा म्हणून मिळालं. आनंदाच्या भरात माणसाने पत्ता तरी नीट लिहावा.

बेबी मागे उभी राहत नाही ही चांगली गोष्ट आहे. ती मोठ्या मनाची आहे असं मला लिहून काय उपयोग, तिला सांग.

माझा डावा कान आता पूर्ण गेला. उजव्यावर चाललं आहे. तक्रार नाही, नुसतं कळवलं.

ताई


३ मार्च

प्रिय आत्या,

हे फोनवर सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तुला ऐकू येणार नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

शिवणकामाच्या काकू तुला माहीत आहेत. आई आजारी असताना त्यांनी आपल्याकडे किती केलं तेही माहीत आहे. त्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी थेंब दिले होते, रोज सकाळी बारा. अण्णांनी बाटलीच्या लेबलावर एकवीस लिहिले.

चार दिवस त्या एकवीस थेंब घेत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी मोरीत चक्कर येऊन पडल्या. शेजारच्यांनी दार तोडलं. दोन दिवस हॉस्पिटलात त्यांची नाडी इतकी मंद होती की आम्ही सगळे बाहेर बाकावर बसून होतो. आता जिवावरचं टळलं आहे. पण पडताना उजवा हात अंगाखाली आला आणि मनगटाचा चुरा झाला. हाडांचे डॉक्टर म्हणतात, हात जोडला जाईल, पण कात्री धरता येईल असं सांगता येत नाही. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्या बाबांना रागावू नकोस गं. मीच चष्मा लावला नव्हता." चष्मा लावला असता तरी एकवीसच दिसले असते, आत्या.

अण्णा आधी म्हणाले की डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही. धाकट्या डॉक्टरांनी चिठ्ठी काढून समोर ठेवली. बारा, छापल्यासारखे स्पष्ट.   तेव्हापासून अण्णा सकाळी वही घेऊन बसतात आणि पेन उघडत नाहीत.

डॉक्टर चांगले आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक्केचाळीस वर्षांत एकदा चूक झाली असेल तर ती कुणाचीही होते. महिनाभर थांबू, मग दोघांनी मिळून लेबलं तपासायची अशी पद्धत ठेवू आणि त्यांना परत बोलावू. पण हे वारंवार होत असेल तर मी त्यांना खिडकीपाशी उभं करू शकत नाही. मला एवढंच खरं कळायला हवं." आणि म्हणाले, "ताईंनी सगळं तपासलं होतं ना? त्यांनाच विचार."

म्हणून विचारते. तुझं पत्र मीच त्यांना दाखवलं होतं. तुला दोष देत नाही. मलाही ते पत्र हवंच होतं. पण या वेळी नीट सांग.

तुझी,
बेबी


५ मार्च

ती. ताई,

बेबीने लिहिलंच असेल. मी जास्त लिहीत नाही.

डॉक्टर तुझ्या शब्दाला मान देतात. तू एवढंच लिही की तू सगळं पाहिलं आहेस आणि हे एकदाच झालं. ते खोटं नाही, वही तुझ्याकडेच आहे. महिनाभराने मी खिडकीत परत जाईन, प्रत्येक लेबल दोनदा वाचीन, तिसऱ्यांदा दुसऱ्याला वाचायला देईन.

घरात बसवत नाही गं. काल सकाळी सवयीने कोट घालून जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेलो होतो.

टिल्लू


२१ मार्च

टिल्लू,

तुझं आणि बेबीचं, दोन्ही पत्रं मिळाली. तुझं पाकीट पुन्हा ४७ मध्ये जाऊन आलं होतं.

तीन पत्रांत दोनदा ७४ चे ४७, हे मी एकदा हसण्यावारी नेलं. या वेळी नेता आलं नाही. मी कागद घेतला, ७४ आणि ४७ लिहिले, खाली १२ आणि २१ लिहिले. सवयीने आकड्यांच्या बेरजा केल्या. पहिल्या दोघांची अकरा आणि अकरा. दुसऱ्यांची तीन आणि तीन. मग माझा हात थांबला.

नवाचा ताळा आकड्यांची बेरीज बघतो. कोण आधी, कोण नंतर, हे तो बघत नाही. त्याला बारा आणि एकवीस एकच. तुझा हात कुठलाही आकडा विसरत नव्हता, भलता आकडाही लिहीत नव्हता. शेजारच्या दोघांच्या जागा बदलत होता. आणि असं करणाऱ्याला पकडायला मी नेमका तोच ताळा लावला ज्याला हे दिसतच नाही.

वही पुन्हा काढली. अकराचा ताळा लावला. उजवीकडून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत. त्यात जागा बदलली की लगेच उघडं पडतं. सतरा एकांचा त्याने एक येतो. सहाशे बारांपैकी पाचशे एकोणनव्वद ठिकाणी एक आला. तेवीस ठिकाणी आला नाही.

ते तेवीसही भागाकार मी पहिल्यापासून हाताने केले. तेविसांत तीच गोष्ट. समासात भाजक बरोबर लिहिला आहेस आणि भागाकार करताना त्यातले दोन आकडे उलटे घेतले आहेस.

आता पाचवं पान सांगते. तुला हे कुणीतरी सांगायलाच हवं आणि ते मीच सांगितलेलं बरं. समासात २०,७१,७२३ आहे. भागताना तू २०,७१,२७३ ने भागलं आहेस. भागाकार ५,३६,४३,८७,५५८, बाकी ६,८९,७७७. नवाने ताळा केला तर आठ, अगदी बरोबर. अकराने केला तर दहा येतात. म्हणून मी समासातल्या संख्येने पुन्हा भागलं. भागाकार ५,३६,३२,२२,३५७. बाकी शून्य.

मी दोनदा केलं. मग दोघांचा गुणाकार केला. सतरा एक ओळीने उभे राहिले. ती मूळ संख्या नाही, टिल्लू. तिचे अवयव पडले, आणि मागच्या मे महिन्यात तुझ्या टेबलावर पडायला हवे होते.

आनंद व्हायला हवा होता. मी उठले आणि पाण्याचा ग्लास घेऊन खिडकीपाशी उभी राहिले, बराच वेळ.

आठ महिन्यांत तेवीस वेळा झालेल्या गोष्टीला मी एकदा म्हणणार नाही. काल धाकट्या डॉक्टरांना पत्र टाकलं. जानेवारीतला माझा दाखला मी मागे घेतला आहे, चुकीचा ताळा लावला हा दोष माझा आहे, आणि माझ्या भावाला औषधांच्या खिडकीत पुन्हा उभं करू नये, असं लिहिलं आहे. शिवाय त्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं, असंही. पत्र गेलेलं आहे, तेव्हा हे तुला विचारणं नाही, कळवणं आहे.

रागावायचं असेल तर रागाव. मात्र पाकिटावर नंबर बेबीकडून घालून घे.

ताई


२ एप्रिल

ती. ताई,

नंबर बेबीने घातला आहे. पत्र तिने वाचलेलं नाही, तुला लिहून झालं की वाचायला देणार आहे.

तू डॉक्टरांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला स्वतः दिलं, दार लोटून. मी वाचलं. मग म्हणाले, "ताईंनी स्वतःवर घेतलं आहे." तेव्हा मला सांगावंच लागलं. त्यांना सांगितलं ते तुलाही सांगतो. तुझ्या पत्रात एक चूक आहे. दोष माझा, असं तू लिहिलंस. नाही.

मला माहीत होतं. मागच्या एप्रिलपासून. एका पोराच्या ताप उतरवायच्या औषधावर पंधराच्या जागी एक्कावन्न लिहिले होते आणि त्याच्या आईने खिडकीतच विचारलं, "एक्कावन्न मिली? बाटलीभर?" दोघेही हसलो. ती गेल्यावर मी मागच्या स्टुलावर बसलो. त्यानंतर आणखी तीनदा झालं, तीनदा माझं मलाच सापडलं. मग मी एक युक्ती काढली. पेशंटकडून लेबल मोठ्याने वाचून घ्यायचो. "वाचा बघू, समजलं ना?" लोकांना वाटायचं, कंपाउंडर किती काळजी घेतो. त्या दिवशी काकूंनी चष्मा आणला नव्हता, मागे बाराजण उभे होते. मी म्हटलं, घरी जाऊन वाचा.

वही मी तुला पाठवली, कारण तू नवाचा ताळा लावशील हे मला माहीत होतं. बाबांच्या हाताखाली आपण दोघंही तोच शिकलो, आणि घरातली वही म्हटल्यावर तुझा हात तिकडेच जाणार. तो जमणार हेही माहीत होतं. अकराचा मला येतो, तूच शिकवलास. या वहीला तो मी एकदाही लावला नाही. लावला असता तर किती वेळा होतंय ते कळलं असतं, आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं. खाडाखोड नाही म्हणून तू कौतुक केलंस. पूर्वी मी चुका शोधायचो म्हणून खाडाखोड असायची.

पाचवं पान. मी तुझ्या पत्रावरून तो भागाकार इथे करून बघितला. बेबीला शेजारी बसवलं, एकेक आकडा तिने मोठ्याने सांगितला, मी लिहिला. शेवटी शून्य आलं तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, सुटलं!" तिला काय सांगू? अकरा वर्षांत एकदाच हवी ती संख्या माझ्या दाराशी आली, आणि ज्या दिवसांत मी सगळी दारं लावून बसलो होतो नेमकी तेव्हा आली.

कोट दिला. किल्ली दिली. मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे.

काकूंकडे गेलो नाही. डॉक्टर म्हणाले, "चूक झाली हे मी त्यांना सांगितलं आहे, माफीही मागितली आहे, आता पुन्हा कशाला त्यांना त्रास?" मला ते पटलं असं नाही, पण सोयीचं वाटलं. बेबीच्या हाती रोज दूध पाठवतो. त्या डाव्या हाताने भांडं रिकामं करून देतात आणि निरोप पाठवतात, "कंपाउंडरना म्हणावं, जिवाला लावून घेऊ नका."

टिल्लू


११ एप्रिल

टिल्लू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की ते फाडायला घेतलं. मला ताळ्यासारखं वापरलंस. जमणार हे माहीत असलेल्या ताळ्यासारखं.

पण मग माझंही लिहायला हवं. एकतीस वर्षं मी प्रत्येक वर्गाला फळ्यावर लिहून दाखवलं, की नवाच्या ताळ्यावर विसंबू नका, आकडे उलटे पडले तर तो गप्प बसतो. वाक्यसुद्धा दरवर्षी हेच. पोरं मागच्या बाकावरून माझी नक्कल करायची. जानेवारीत तुझी वही उघडली तेव्हा ते वाक्य मी विसरले नव्हते. फोन नंबर चुकल्याचंही तुझ्या पत्रात होतं. अकराच्या ताळ्याला दुप्पट वेळ लागतो, असं कारण मी स्वतःला दिलं. मला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. वेळ नाही असं कारण मी कुणाला देते? मला सहाशे बाराच्या सहाशे बारा बरोबर हवे होते, म्हणून जो ताळा ते देईल तो मी घेतला. तू एकट्याने मला फसवलं नाहीस.

राहिल्या त्या बाई. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की चूक झाली. चूक झाली, आणि चूक होणार हे माहीत असून माणूस खिडकीत उभा राहिला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना फक्त पहिली माहीत आहे, म्हणून त्या चष्म्याला दोष देतात आणि तुलाच धीराचे निरोप पाठवतात. तो धीर तू दूध पाठवून रोज घेतो आहेस. ते आता बंद. दूध चालू ठेव, धीर बंद.

डॉक्टरांच्या म्हणण्याचा मी विचार केला. त्रास होईल, हे खरं. कुणाला रागवायचं ते ठरवण्याचा हक्क मात्र त्यांचा आहे, मनगट त्यांचं गेलं आहे.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर बेबीला पाठव, तू येऊ नकोस, जिने आहेत. त्याच दिवशी अकरा वाजता आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ. बेबीला बरोबर घ्यायचं नाही, तिच्याकडे बघून त्या विरघळतील. आधी तू बोलशील. एप्रिलपासून माहीत होतं, इथून सुरुवात करायची, अक्षर, गर्दी, चष्मा यातलं काही आणायचं नाही. मग मी बोलेन, दाखल्याचं. त्या काय म्हणतील ते मला नीट ऐकू येणार नाही, तेव्हा तू मला ते जसंच्या तसं मोठ्याने सांगायचंस, त्यांच्या समोरच, एकही शब्द न गाळता.

त्यांनी दार लावलं तर लावू दे. बसा म्हणाल्या तरी बसायचं नाही.

ताई